चेटक्याच्या तोंडी बाबांचं गाऱ्हाणं

कोकणातल्या माणसाला आपल्या सिनेमात दोनच कामं असतात. एकतर शहरातून आलेल्या पाहुण्यांना कंदील धरून बंगला दाखवायचा, नाहीतर भूत व्हायचं. बंगला दाखवणारा "सायबानू, रात्रीचे भायर पडू नकात" एवढं बोलतो, मध्यंतराच्या आत मरतो आणि नंतर स्वतःच भूत होऊन येतो, म्हणजे दोन्ही कामं एकाच नटात उरकतात. हे मी कित्येक वर्षं बघतेय. एका मराठी वेबसाइटसाठी भयपट आणि विज्ञानपट बघून त्यांची परीक्षणं लिहिणं हा माझा धंदा आहे. ऑफिसात हे काम कोणालाच नको होतं. नात्यागोत्याचे, रडारडीचे सिनेमे सिनियर मंडळींनी वाटून घेतले, ऐतिहासिकसाठी तर रांग असते, मग भुतं आणि यानं उरली ती माझ्या पदरात पडली. मी मात्र ते काम मन लावून केलं.

विज्ञानपटांबद्दल तर बोलायलाच नको. आमच्याकडचा शास्त्रज्ञ ओळखायचा कसा, तर पांढरा कोट आणि निळ्या पाण्याचं चंचुपात्र. अरे, ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात नोकरी करणारे शास्त्रज्ञ मी लहानपणापासून घाटकोपरच्या बाजारात पालेभाजीची घासाघीस करताना बघितलेत. एकाच्याही अंगावर कोट नव्हता. गेल्या काही वर्षांत एका सिनेमात परग्रहावरचं यान देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर उतरवलं होतं. खालच्या वस्तीतली माणसं किंचाळत पळतात, त्यातल्या एकालाही वाक्य नाही, आणि हिरो वांद्र्याहून मोटारीने येऊन त्यांना वाचवतो. दिग्दर्शक मुलाखतीत हसत हसत म्हणाला, आम्हाला परग्रहाचा वेगळा सेट लावावाच लागला नाही. तिथे माणसं राहतात रे बाबा! सकाळी उठून कामाला जातात. त्यांचं घर तुला परग्रह वाटलं? मी त्या सिनेमाला अर्धा स्टार दिला होता, आणि तो अर्धाही का दिला म्हणून आठवडाभर स्वतःशीच चिडले होते.

तरी हा सगळा धंद्यातला राग. घरी येऊन हातपाय धुतले, आईच्या हातचं जेवले की उतरायचा. ह्या एका सिनेमाने तो राग घरातच आणून बसवला.

घरात आम्ही तिघं, मी आणि आईबाबा. बाबांचा जन्म सिंधुदुर्गातल्या गावचा. आजोबा गिरणीत कामाला होते म्हणून बाबा वाढले घाटकोपरला, भटवाडीच्या चाळीत. नोकरी विक्रोळीच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये. आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. चाळीची बिल्डिंग झाली, आम्ही सातव्या मजल्यावर चढलो, लिफ्टने जायला यायला शिकलो, पण बाबांचं एक काम काही सुटलं नाही. गाऱ्हाणं घालणं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे देवापुढे नुसते हात जोडून भागत नाही. जाणता माणूस हातात नारळ घेऊन उभा राहतो आणि खणखणीत आवाजात सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. एकेक मागणं झालं की जमलेली मंडळी एका दमात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" त्यात विनवणी असते, पण दटावणीही असते. तू एवढा मोठा देव, मग आमचं एवढं काम तुला होत नाही म्हणजे काय, असा एकूण सूर. गणपतीत, सत्यनारायणाला, बारशाला, नव्या गाडीला, दहावीच्या परीक्षेआधी, बिल्डिंगीतली माणसं बाबांना बोलवायला यायची. तळमजल्यावरच्या मुलाने रिक्षा घेतली तेव्हा बाबांनी देवाला स्पष्ट सांगितलं, "हेका हिरवो सिग्नल गावांदे, आणि हवालदार गावाक नको!" तेव्हा सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणाले होते ते दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती शेटजी. ट्रॅफिक पोलिसांनी फाडलेली त्यांची दोन चलनं तेव्हा ताजी होती.

बाबांची ऐट होती ती ह्या एका गोष्टीत. कारखान्यात ते कोणी मोठे नव्हते, बोलणं कमी, समोरच्याच्या हो ला हो. पण नारळ हातात आला की ह्याच माणसाची छाती पुढे यायची. आईसुद्धा त्या वेळेपुरती त्यांना टोमणे मारायची थांबायची.

तर सिनेमावाले आमच्या गाववाल्यांच्या मंडळाच्या सेक्रेटरीच्या ओळखीने आले. अंधेरीचा एक तरुण दिग्दर्शक, डोक्यावर उलटी टोपी, बरोबर एक मुलगी, फोनवर सगळं रेकॉर्ड करणारी. मला बघून म्हणाला, "ताई, तुमची परीक्षणं आम्ही वाचतो हां. फार लागतात." मी विचारलं, "भूत कोकणातलंच का?" तर म्हणे, "ताई, आमचा सिनेमा वेगळा आहे. मुळांकडे जाणारा." मुळांकडे जाणारे किती आले आणि गेले, मला सगळे माहितीयत. पण बाबा खूश होते. त्यांच्याकडे पहिल्यांदाच कोणीतरी काही शिकायला आलं होतं. मी चहा टाकला.

बाबांनी त्यांना देवचाराबद्दल सांगितलं. देवचार म्हणजे आमच्या गावाचा राखणदार. तो शिवेवर फिरतो, हातात काठी, खांद्यावर कांबळं. रात्री कोणी वाट चुकला, अगदी दारू पिऊन चुकला तरी, त्याला घरापर्यंत पोचवतो. दिसत नाही, नुसती पुढे वहाणांची करकर ऐकू येते, तिच्या मागून चालत राहायचं. म्हणून वर्षाला त्याला नव्या वहाणा द्यायच्या, जुन्या झिजलेल्या असतात. "तो कोणाक भियवणा नाय," बाबा तीनतीनदा म्हणाले. "वॉचमन तो आमचो. ता नीट लिवन घेवा." त्या मुलीने मान डोलवून लिहून घेतलं.

मग दिग्दर्शक म्हणाला, काका, एकदा गाऱ्हाणं ऐकवा ना. बाबांनी मान हलवली. उगाच नाही बोलायचं, त्याला कारण लागतं. पोरगं हुशार, लगेच म्हणालं, "आमच्या सिनेमासाठीच घाला ना, काका. पहिलाच आहे." झालं, बाबा विरघळले. आईने नारळ आणून दिला. बाबांनी दोघांना उभं केलं, चपला बाजूला ठेवायला लावल्या, "व्हय म्हाराजा" कधी म्हणायचं ते शिकवलं आणि देव्हाऱ्यापुढे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! आज ही पोरां तुझ्या दारात इली हत. तुझ्या नावान पिक्चर काढतहत, तेका यश दी. जो कोण बघूक येयत, तो हसत-खेळत घराक जावंदे. कोणाच्या पोराबाळांक इजा होवची नाय, हेची काळजी घे. आणि जो कोण तेंचा वायट चिंतीत, तेका तुझ्या पायाकडे ओढून घे आणि शाणो कर!"

आम्ही सगळे म्हणालो, व्हय म्हाराजा. ती दोघंही म्हणाली. जाताना बाबांच्या पाया पडली. नारळ आईने त्यांच्याच पिशवीत घातला, प्रसाद म्हणून. सांगायचं एवढंच, की ज्यांनी पुढे हे केलं ते बाहेरचे, न कळणारे लोक नव्हते. आमच्या घरात अनवाणी उभे राहून त्यांनी देवाला होकार दिला होता.

सिनेमाचा प्रेस शो झालाच नाही. आमच्या धंद्यात प्रेस शो नसणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. माल खराब आहे आणि तो शुक्रवारच्या आत कोणी हुंगू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण बाबांनी मंडळातल्या लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे शुक्रवारी दुपारच्या शोला घाटकोपरच्या मॉलमध्ये आमची अख्खी रांग होती. बायका गजरे माळून आलेल्या. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पॉपकॉर्न कोणालाही घेऊ देत नव्हते, आवाज होईल म्हणून.

पहिला पाऊण तास नेहमीचाच. मुंबईची मुलं, बंद घर, कंदील. कंदीलवाला मेला. कोकण म्हणून जो समुद्र दाखवला तो मुंबईतल्याच खारदांड्याचा होता, मागच्या होड्यांवरून मी ओळखला, पण तेवढं मी सोडून दिलं. मग मध्यंतराच्या जरा आधी पडद्यावर एक म्हातारा आला. अंगाला राख, डोळे लाल, गळ्यात हाडं. चेटक्या. त्याने हात वर केले, तोंड उघडलं आणि त्या तोंडातून माझ्या बाबांचा आवाज आला.

"बा देवा म्हाराजा!"

आणि आमची अख्खी रांग, सवयीने, न ठरवता, एका दमात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

काय करणार हो? जन्मभर तेच केलंय. ती हाक आली की तोंड आपोआप उघडतं. पुढच्या रांगेतली पोरं दचकली, मग फिदीफिदी हसायला लागली, एकाने फोन आमच्याकडे वळवला. मंडळातल्या एक आजी पुढच्या वाक्यालाही एकट्याच "व्हय म्हाराजा" म्हणाल्या आणि मग पडद्यावर काय चाललंय ते बघून त्यांनी पदर तोंडावर धरला.

कारण पडद्यावर देवचार आला होता. आमचा वॉचमन. त्याला त्यांनी सुळे लावले होते. बाबांचा आवाज त्यांनी खाली खेचून घोगरा केला होता, मागे ढोल घातले होते, आणि वाक्यं कापली होती. यश दी, हसत-खेळत घराक जावंदे, सगळं उडवलं. उरलं काय? "पोराबाळांक... तुझ्या पायाकडे... ओढून घे!" आणि तो सुळेवाला एका चारपाच वर्षांच्या मुलाला पाय धरून ओढत झाडीत घेऊन गेला.

मी शेकड्यांनी भयपट पचवलेत. डोळा काढलेला बघत सँडविच खाल्लंय. पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला भीती वाटली. खरीखुरी. ज्या आवाजाने मला परीक्षेला पाठवलं, आईच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या जिन्यात देवाला दम दिला, त्या आवाजाला मी घाबरले. खुर्चीचा हात घट्ट धरला होता. बाबा शेजारीच होते. ते हलले नाहीत. सिनेमा संपेपर्यंत बसले, कारण मंडळाच्या लोकांना मीच आणलंय, अर्ध्यातून कसं उठणार, असा त्यांचा स्वभाव. शेवटी पांढरी अक्षरं वर सरकली. गाऱ्हाणं, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं, पारंपरिक.

पारंपरिक! माझा बाप शेजारी जिवंत बसलाय, त्याचा श्वास मला ऐकू येतोय, आणि हे लिहितात पारंपरिक! बाहेर आल्यावर सगळे धीर द्यायला लागले. "पण आवाज काय झकास इलो हां!" सेक्रेटरी म्हणाला. त्याचीही चूक नाही, त्याला दुसरं काय बोलावं सुचेना. बाबा एवढंच म्हणाले, "माझा बोलणा मोडल्यानी." आणि सरकत्या जिन्याकडे चालायला लागले.

मी तिथूनच, मॉलच्या दारातून, दिग्दर्शकाला फोन लावला. तो म्हणतो, "ताई, काका किती लकी आहेत! पब्लिक वेडं झालंय त्या सीनला. आमच्याकडून ट्रिब्यूट समजा." मी म्हटलं, "ट्रिब्यूट मेलेल्यांना देतात रे. आणि तू त्यांच्याकडून आशीर्वाद घेतला होतास, मंत्र नाही. त्यांनी मुलांना सांभाळ म्हणून सांगितलं, तू मुलं खायला लावलंस. लाज कशी वाटली नाही?" तर म्हणे, "ताई, तुम्ही पर्सनली घेताय." मग कोणी घ्यायचं पर्सनली? शेजाऱ्याने?

संध्याकाळी परीक्षण लिहिलं. आयुष्यात एवढं भराभर कधी लिहिलं नव्हतं. देवचार कोण, गाऱ्हाणं कशासाठी, कुठलं वाक्य कुठे कापलं, सगळं. शेवटी लिहिलं की हा आवाज माझ्या वडिलांचा आहे, वाचकांनी ते जमेस धरून मग माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही ते ठरवावं. एवढा प्रामाणिकपणा आमच्या साइटवर कोणी केला असेल तर दाखवा. संपादकांचा फोन आला. "छान आहे गं, पण फार घरगुती झालंय. वडिलांचा भाग काढू या." मी म्हटलं, वडिलांचा भाग काढला तर परीक्षणच उरत नाही, मग छापूच नका. "बघतो," ते म्हणाले.

सकाळी परीक्षण छापून आलं होतं. माझ्या नावाने. बाबा गायब. देवचार गायब. आणि जिथे माझा सगळ्यात जळजळीत परिच्छेद होता तिथे कोणीतरी एक वाक्य बसवलं होतं, "लोकपरंपरेतील गूढ मंत्राचा वापर परिणामकारक." माझं नाव वर, आणि खाली गूढ मंत्र! सिनेमावाल्यांनी बापाचं बोलणं मोडलं, ऑफिसवाल्यांनी लेकीचं. मी ऑफिसात जाऊन जो आवाज चढवला तो खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांपर्यंत गेला म्हणतात. संपादक पाण्याचा ग्लास पुढे करत राहिले. दुपारपर्यंत ते वाक्य काढलं, पण तोवर सिनेमाच्या जाहिरातीत ते अवतरणचिन्हात, माझ्या नावासकट, चढलं होतं. तिथून ते अजून उतरलेलं नाही. मी त्यानंतर त्या साइटला एक ओळ दिली नाही. आता माझं मी लिहिते, वाचतील तेवढे वाचतील.

माझं ठीक आहे. मी भांडले, माझं तोंड चालतं. बाबांचं काय?

तो आवाज रील्समध्ये गेला. पोरं मित्राच्या मागून जाऊन त्याच्या कानात "ओढून घे" लावायची आणि तो दचकला की शूटिंग करायची. बिल्डिंगीतल्या गच्चीवर, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, सगळीकडे माझ्या बापाचा घोगरा केलेला आवाज. बाबा लिफ्टमध्ये शिरले की लहान मुलं आईच्या मागे लपायची. आयाच सांगायच्या त्यांना, जेवला नाहीस तर ते काका येतील. हसत सांगायच्या, बाबांच्या समोर. बाबाही हसायचे. मला त्या हसण्याचा जास्त राग यायचा. मी म्हणायचे, "बाबा, दोन शब्द सुनवा ना त्यांना!" ते म्हणायचे, "जावंदे गो. चार दिवसांनी इसारतीत."

मग चौथ्या मजल्यावर बारसं होतं. त्या घरातल्या मोठ्या मुलाच्या बारशाला गाऱ्हाणं बाबांनीच घातलं होतं, आता त्याला बहीण झाली होती. बोलावणं आलं होतं, सगळ्या घराला. बाबांनी सकाळीच नारळ सोलून, शेंडी नीट ठेवून तयार केला. दुपारी आम्ही खाली गेलो. पाळणा सजवलेला, बायका जमलेल्या. बाबा नारळ घेऊन पुढे झाले तशी त्या घरची सून लगबगीने आली. चांगली मुलगी आहे हो ती, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. हळूच म्हणाली, "काका, आज गाऱ्हाणं राहू दे हां. मोठा घाबरतो. रात्री झोपत नाही तो हल्ली. तुम्ही नुसते बसा ना, पेढे घ्या." दाराआडून तो मुलगा बघत होता. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, त्याने तोंड लपवलं.

मी तोंड उघडलं, पण बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "बरां," म्हणाले. पेढा घेतला, बाळाच्या हातात पाकीट दिलं, पाळणा म्हणून होईपर्यंत बसले आणि नारळ घेऊन तसेच वर आले.

घरात आल्यावर मी सुरू झाले. दिग्दर्शक, संपादक, मॉलवाले, रीलवाले, ती सून, कोणालाही सोडलं नाही. कोर्टात जाऊ म्हटलं, वकील बघते म्हटलं. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. माझा दम संपल्यावर त्यांनी विचारलं, "एक खरां सांग. थेटरात माझो आवाज इलो, तेव्हा तू भियालंस?"

आयुष्यभर मी हेच काम केलं, भीती वाटली की नाही ते लोकांना खरं सांगायचं. बाबांना ते माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर त्यांना ते तिथल्या तिथे कळलं असतं.

"हो, बाबा."

त्यांनी मान हलवली. "तू माझा चेडू, तूच भियालंस," म्हणाले, "मगे त्या चौथ्या माळ्यावरच्या झिलाचा काय चुकला?"

उठले, गाऱ्हाण्याचा नारळ घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि आईपुढे ठेवला. म्हणाले, "हो नारळ बांगड्याच्या कढीक वाट." आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि कोयती काढली.